आरोपपत्र नाही, चौकशी नाही, थेट आयडी बंद!

२०२५ च्या डिसेंबर महिन्यात, २५ आणि ३१ या दोन तारखांना, घरोघरी माल पोचविणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाची हाक दिली. नाताळ आणि वर्षअखेर म्हणजे या धंद्यातले सर्वात मोठ्या गिऱ्हाइकीचे दिवस. त्या दिवशी कोणाचे जेवण वेळेवर पोचले आणि कोणाचे नाही, याची चर्चा वाहिन्यांनी चवीने केली. दहा मिनिटांत किराणा पोचविण्याच्या जीवघेण्या शर्यतीवरही बरेच बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. परंतु संपकऱ्यांच्या मागण्यांत आणखी एक मागणी होती, तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. मनमानी पद्धतीने आमचे आयडी बंद करू नका, अशी ती मागणी होती. आमच्या मते या सर्व प्रश्नाची नाडी याच एका मागणीत आहे. दर कमी असला तर कामगार भांडू शकतो, वेळ जास्त होत असेल तर तोंड उघडू शकतो. पण तोंड उघडणारा माणूस उद्या सकाळी कामावर असेल की नाही, हे जर कुठल्या तरी शहरातील संगणक ठरवीत असेल, तर बाकीच्या मागण्या मांडायला उरतो कोण?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पार्सल वाटणारा तरुण सकाळी हबवर येतो. रनशीटवर त्याच्या नावाने पन्नास-साठ पार्सले चढतात, सणासुदीला त्याहून जास्त. त्याच्या हातातला मोबाईल हाच त्याचा मस्टर, हाच त्याचा मुकादम आणि हाच त्याचा न्यायाधीश. ग्राहक घरी नसला तर तसा शेरा मारावा लागतो. ग्राहकाने फोनवरून सांगितले की कोणी आलेच नव्हते, की तो शेरा ‘फेक अटेम्प्ट’ ठरतो. पार्सल फोडून आतली वस्तू काढली गेली असेल, तर ती गोदामात निघाली, गाडीत निघाली की दारात, हे कोणी पाहत नाही. शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्या नावे रक्कम पडते. सीओडीचे पैसे रात्री भरताना दोनशे रुपये कमी आले तर तो चोर. हेल्मेट घालून, घामाने डबडबलेल्या चेहऱ्याने काढलेला सेल्फी यंत्राला ओळखता आला नाही तर तो तोतया. ग्राहकांनी दिलेले तारे कमी झाले तर तो नालायक. आणि या सर्वांची शिक्षा एकच. सकाळी ॲप उघडावे तर ते उघडत नाही. हब इनचार्जला विचारावे तर तो म्हणतो, ‘सिस्टीमने केले आहे, माझ्या हातात काही नाही.’ हेल्पलाइनला फोन करावा तर तक्रारीचा एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचे पुढे काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

हे तरुण कोण आहेत? नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले होते. यात आपले किती, हे त्या आकड्यात नाही. परंतु कोणत्याही बुद्धविहारासमोर संध्याकाळी उभ्या असलेल्या मोटारसायकली पाहाव्यात आणि त्यांना अडकविलेल्या मोठ्या पिशव्या मोजाव्यात. बापाची पिढी गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, पोस्टात लागली. मुलाने पदवी घेतली, सरकारी भरती निघेना, निघाली तर पेपर फुटला, म्हणून तो हप्त्याची गाडी काढून पार्सल वाटू लागला. गाडीचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातो. आयडी बंद झाला म्हणून फायनान्स कंपनी थांबत नाही.

आता एक तुलना करू. एकाच गल्लीत दोन माणसे पार्सल वाटतात. एक पोस्टमन आणि दुसरा हा ॲपवाला तरुण. काम तेच, जिने तेच, कुत्रीही तीच. पोस्टमनविरुद्ध तक्रार आली तर खात्याला त्याला आरोप लेखी कळवावे लागतात, चौकशी करावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने त्याला हे संरक्षण दिले आहे. इतकेच नव्हे, तर खेड्यात दिवसाचे काही तास टपालाचे काम करणाऱ्या अतिरिक्त विभागीय सेवकालाही हे संरक्षण आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली राजम्मा प्रकरणात दिला. हा अर्धवेळ काम करणारा माणूस, त्याला सरकारी नोकरीची पुरती वेतनश्रेणीही नव्हती, तरी ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येत नाही असे न्यायालय म्हणते. आणि दिवसाला बारा तास राबणाऱ्या आपल्या मुलाला मात्र एक संदेश पाठवून घरी बसविता येते. याला शिस्त म्हणायचे काय?

आम्ही शिस्तीच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. लोकांचा माल हातात असलेल्या माणसाला हिशोब द्यावाच लागेल. चोरी करणाऱ्याला पाठीशी घालावे असे कोणताही जबाबदार कार्यकर्ता म्हणणार नाही. प्रश्न शिस्त असावी की नसावी हा नाहीच. गुन्हा कोणता, हे आधी सांगितले होते काय? आरोप लेखी दिला काय? उत्तर देण्याची संधी दिली काय? निर्णय घेणारा माणूस कोण, आणि त्याच्यावर दाद कोठे मागायची? ही चार उत्तरे नसतील तर ती शिस्त नव्हे, ती लहर होय.

आणि ही चार उत्तरे या देशात ऐंशी वर्षांपूर्वीच दिली गेली आहेत. ती देणारा माणूस कोण, हे आपल्या तरुणांना ठाऊक असायला हवे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. बाबासाहेब म्हटले की संविधान आणि आरक्षण एवढेच आठवणाऱ्यांना हा काळ फारसा माहीत नसतो. याच काळाच्या शेवटी, १९४६ च्या एप्रिलमध्ये, त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) विधेयक मांडले आणि त्याचा कायदा झाला. नाव रुक्ष आहे. आशय मात्र साधा आहे. मालकाने आपल्या कारखान्याचे नियम लेखी करावेत, ते सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावेत आणि कामगारांना समजेल अशा भाषेत लावावेत. हजेरी कशी, उशीर म्हणजे किती, रजा कशी, गैरवर्तन कशाला म्हणायचे, निलंबन आणि बडतर्फी केव्हा, आणि मालकाकडून अन्याय झाला तर दाद कोठे, हे सारे त्यात आले पाहिजे. तोपर्यंत गिरणीच्या दारातला जॉबर सकाळी बोटाने दाखवी, हा आत आणि हा बाहेर. त्या बोटाच्या जागी बाबासाहेबांनी कागद आणला.

स्थायी आदेशांची कल्पना मुंबई प्रांतात १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्यातही होती, हे इतिहासाला धरून सांगितले पाहिजे. पण त्याच कायद्याने संपाचा हक्क आवळला म्हणून स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला आणि बाबासाहेब त्याच्या अग्रभागी होते. म्हणजे कामगाराला नियमांचा आधार हवा आणि नियम मोडणाऱ्या मालकाशी लढण्याचा हक्कही हवा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या.

पुढे न्यायालयांनी या कायद्याचे अर्थ लावले. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशात जे गैरवर्तन म्हणून लिहिलेले नाही, ते मालकाला मागाहून गैरवर्तन ठरविता येणार नाही. १९८२ साली याच कायद्यात दुरुस्ती होऊन निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मा पगार आणि चौकशी त्याच्या चुकीशिवाय लांबली तर पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून देणे बंधनकारक झाले. सर्वात महत्त्वाचा आम्हाला वाटतो तो १९९३ चा डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा निवाडा. त्या कारखान्याच्या नियमातच लिहिले होते की आठ दिवसांपेक्षा जास्त काळ रजेशिवाय गैरहजर राहिला की कामगाराचे नाव आपोआप कमी होईल. कामगार म्हणत होता की मी आलो होतो, मला दारातच अडविले. न्यायालयाने म्हटले की नियमात ‘आपोआप’ असे लिहिले असले तरी माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याची उपजीविका काढून घेता येणार नाही, कारण उपजीविका हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्याला निम्म्या मागील पगारासह कामावर घेण्याचा आदेश झाला. ‘आपोआप’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. आजचे ‘सिस्टीमने केले’ म्हणजे तेच ‘आपोआप’ आहे. फरक इतकाच की तेव्हा रजिस्टरमधले नाव खोडायला एक कारकून लागत असे.

मग हे सारे निवाडे आपल्या पार्सलवाल्या तरुणाला का लागू होत नाहीत? कारण कंपनी म्हणते की हा कामगारच नाही, हा आमचा ‘पार्टनर’ आहे. भागीदार! नफ्यात वाटा नाही, हिशोबाच्या वह्या पाहण्याचा हक्क नाही, दर ठरविताना बोलावणे नाही, आणि म्हणे भागीदार. त्याने लॉगिन करावे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे, म्हणून तो स्वतंत्र धंदेवाला, असा हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद नवा नाही. विदर्भातल्या वाचकांना तो चांगला ओळखीचा वाटेल. नागपूरच्या एका बिडी कारखानदाराने हेच म्हटले होते. बिडी कामगार नगावर पैसे घेतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, मग ते आमचे कामगार कसे? बिरधीचंद शर्मा प्रकरण म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात आहे. कामगार वाटेल तेव्हा जाऊ शकत होता हे खरे, पण दुपारनंतर आला तर त्याला काम मिळत नसे, आणि वळलेली बिडी पसंत न पडल्यास ती बाद करण्याचा अधिकार मालकाकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे नियंत्रण पुरेसे आहे, हे कामगारच आहेत. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांबद्दलही असाच निकाल झाला. ज्या कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांना संघटित केले आणि ज्यांच्या मुखातून ‘जय भीम’ हे अभिवादन आपल्याला मिळाले, त्या भागातल्या मजुरांनी अशी लढाई एकदा जिंकलेली आहे. बिडी बाद करण्याचा अधिकार म्हणजे नियंत्रण असेल, तर दर मिनिटाला माणूस कोणत्या चौकात आहे हे पाहणारा मोबाईल म्हणजे काय? इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबर चालकांबाबत हेच तत्त्व धरले. करारात काय नाव दिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात ताबा कोणाचा, हे पाहा, असे ते म्हणाले.

आपल्याकडे मात्र कायद्याची गाडी उलट दिशेने गेली. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द प्रथमच आले, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीला द्यावेत अशी तरतूद आली. याचे स्वागत करायला हरकत नाही. पण कामावरून काढणे, गैरवर्तन, चौकशी हे सर्व विषय ज्या औद्योगिक संबंध संहितेत आहेत, तिथल्या ‘कामगार’ या व्याख्येत या मंडळींचे नाव नाही. म्हणजे अपघात झाला तर कदाचित विमा मिळेल, पण काम राहील याची हमी कोणी देणार नाही. आणि ज्यांचे नाव मस्टरवर आहे त्यांचेही छप्पर उडाले आहे. बाबासाहेबांचा १९४६ चा कायदा या संहितेने रद्द करून त्यातील तरतुदी आपल्यात घेतल्या, परंतु त्या ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या. जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता आणि महाराष्ट्राने तो ५० वर आणला होता. कोणत्या हबवर एका ठेकेदाराच्या मस्टरवर ३०० माणसे असतात? वीस इथे, तीस तिथे, ठेकेदार वेगवेगळे. सुधारणा म्हणून जे गाजविले जाते त्यात लहान आस्थापनांतल्या कामगाराच्या हातातला लेखी नियमांचा कागद गेला, हे कोणी सांगत नाही.

कागद नसला की उरते ती भीती. कोर्टाच्या भाषेत या भीतीला नाव नाही, म्हणून आम्ही ते इथे लिहीत आहोत. भीतीपोटी तरुण सिग्नल तोडतो. ताप असताना पाचवा मजला चढतो. हरवलेल्या पार्सलचे पैसे त्याने हरविलेले नसतानाही गुपचूप भरतो. रात्री झोपेतून उठून ॲप चालू आहे की नाही ते पाहतो. घरी सांगत नाही, कारण वडिलांनी तेवीस वर्षे एका खात्यात काढली, त्यांना ‘आयडी बंद’ म्हणजे काय हे समजावताना याचीच मान खाली जाते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तू काहीतरी केले असशील, उगाच कोण कशाला काढील?’ जी शिक्षा कारण न सांगता होते ती माणसाला स्वतःवरच संशय घ्यायला लावते. हा तिचा सर्वात वाईट परिणाम आहे.

बौद्ध म्हणून आम्हाला येथे विनयाची आठवण होते. विनय या शब्दाचा अर्थच शिस्त. भिक्खू संघाइतकी कडक शिस्त क्वचितच कोठे असेल. त्या विनयपिटकात तंटे मिटविण्याचे जे सात प्रकार आहेत त्यातला पहिला ‘सम्मुखाविनय’ होय. संघ समोर, धम्म समोर, विनय समोर आणि ज्यांचा तंटा आहे ती माणसे समोर असताना निकाल करावयाचा. माणसाच्या पाठीमागे त्याचा निवाडा नाही. सर्वस्वाचा त्याग केलेल्या भिक्खूलाही तोंडावर आरोप ऐकण्याचा आणि उत्तर देण्याचा अधिकार तथागतांच्या संघाने दिला. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या कामकाजाचे नियम सांगून लोकशाही या भूमीला परकी नाही असे बजावले होते. जो नियम भिक्खूला लागू होता तो हप्ता भरणाऱ्या मजुराला का नको?

आता जातीकडे येऊ. काही विद्वान म्हणतात की यंत्राला जात कळत नाही. यंत्राला कळत नसेल, पण यंत्रात तारे भरणाऱ्या ग्राहकाला चांगली कळते. दार उघडण्याआधीच डिलिव्हरीवाल्याचे नाव त्याच्या पडद्यावर आलेले असते. जून २०२२ मध्ये लखनौ येथे जेवण पोचविणाऱ्या एका दलित तरुणाने पोलिसांत तक्रार दिली की, जात कळल्यावर ग्राहकाने त्याच्या हातचे अन्न घ्यायला नकार दिला, त्याच्यावर थुंकले आणि मारहाण केली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला म्हणून ते वर्तमानपत्रात आले. जो थुंकत नाही, फक्त एक तारा देतो, त्याची बातमी कोठून होणार? मुंबईच्या गिरण्यांतून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाला लावावा लागे आणि त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला तेव्हा ते अडचणीत आले होते. विटाळ आता तोंडावर बोलला जात नाही, रेटिंगमध्ये भरला जातो. अनेक सोसायट्यांत पार्सलवाल्याने मुख्य लिफ्ट वापरायची नाही अशी पाटी असते. त्याने हुज्जत घातली की सुरक्षारक्षकाची तक्रार जाते, ‘वर्तणूक अयोग्य’ असा शेरा पडतो आणि आयडी बंद होतो. त्या शेऱ्यामागे अपमान झाला होता की उद्धटपणा, हे चौकशी झाली तरच कळेल. चौकशी नाही म्हणजे जातीयवादी ग्राहकाच्या हातात बडतर्फीचा अधिकार दिला, असाच त्याचा अर्थ होतो.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगून ठेवतो. जातिवाचक अपमान ‘सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झाला पाहिजे ही अट पुष्कळदा आडवी येते. परंतु स्वर्ण सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की घराचे फाटक हे असे ठिकाण आहे. त्या प्रकरणातला फिर्यादी फाटकाजवळ गाडीपाशी उभा असलेला चालकच होता. म्हणून सोसायटीच्या गेटवर, लॉबीत, इतरांच्या देखत अपमान झाला तर गप्प बसू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. बौद्ध आहात म्हणून हा कायदा लागू नाही, असे ठाणे अंमलदाराने सांगितले तर त्याचे ऐकून परत येऊ नये.

मार्ग नाही असे मात्र नाही. राजस्थानने २०२३ साली देशातला पहिला गिग कामगार कायदा केला, त्याचा भर नोंदणी आणि निधीवर आहे. कर्नाटकने २०२५ च्या कायद्यात पुढचे पाऊल टाकले. कोणत्या कारणांसाठी काम बंद होऊ शकते त्याची यादी करारात असली पाहिजे, लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय कामगाराला काढता येणार नाही, अपवाद शारीरिक इजेच्या प्रकाराचा, असे तो कायदा म्हणतो. रेटिंग आणि देखरेखीची यंत्रणा कशी चालते याची माहितीही कंपनीने द्यावयाची आहे. नीट पाहिले तर हा १९४६ च्या स्थायी आदेशांचाच धाकटा भाऊ आहे. मग ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून पाठीवर ओझे वाहणाऱ्या, मालक कोण हेही ठाऊक नसलेल्या हमालाला मंडळ दिले, त्याची नोंदणी केली, त्याची मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली, त्या महाराष्ट्राला पार्सल वाहणाऱ्या तरुणासाठी असेच मंडळ करणे अशक्य आहे काय? तेव्हाही व्यापारी म्हणत होते की हमाल आमचा नोकर नाही. आपल्या मतांवर निवडून आलेले जे आमदार आहेत त्यांनी विधिमंडळात आयडी बंदीवर एक अशासकीय विधेयक तरी मांडावे. जयंतीच्या कमानींवरचे फोटो थोडे कमी झाले तरी चालतील.

कायदा होईपर्यंत काय करायचे, हा प्रश्न आमच्यापुढे बसणारा प्रत्येक तरुण विचारतो, आणि तो रास्त आहे. आधी स्वतःचा प्रकार ओळखावा. ठेकेदार किंवा एजन्सीकडून पगार येत असेल, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असेल, ईएसआयचे कार्ड असेल, तर तुम्ही पार्टनर नाही, कामगार आहात. तुम्हाला काढले तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करून समेट मागता येतो. दोन वर्षे उलटून गेली की समेट अधिकारी प्रकरण हाती घेऊ शकत नाही, म्हणून बघू करू म्हणत बसू नये. नुसता ॲपवरचा आयडी असेल तर लढाई कठीण आहे, पण हात बांधून बसण्याइतकी नाही. दोन्ही प्रकारच्या मुलांना आम्ही एकच सवय लावायला सांगतो. आयडी बंद झाला की ॲपमधला सारा हिशोब तुमच्यापुरता बंद होतो, म्हणून तो चालू असतानाच कमाईचे तक्ते, रेटिंग, टीम लीडरचे संदेश यांचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला घरच्या कोणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवावेत. रनशीटचा फोटो काढावा. ग्राहक दारात नसेल तर बंद दाराचा फोटो आणि फोन केल्याची नोंद ठेवावी. फाटलेले पार्सल हबवरच उघडकीस आणावे, गाडीवर चढवून घेऊ नये. सीओडी भरल्याची पावती पाकिटात चुरगळू देऊ नये.

आणि तो संदेश आलाच, तर हबवर जाऊन आरडाओरडा करू नये. शिवी दिली, कॉलर धरली, की त्यांना हवे असलेले खरे कारण तुम्ही फुकट देता. त्याच दिवशी ईमेल लिहावा, मराठीत लिहिला तरी चालतो. माझ्यावर आरोप काय, पुरावा काय, निर्णय कोणी घेतला, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि थकलेली रक्कम मागावी. उत्तर आले नाही तर ते न येणे हाही पुरावाच. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर किंवा ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही’ अशा तयार मजकुरावर सही करू नये. हबवर हा मजकूर अनेकदा छापून तयारच असतो. कमी पडलेली रक्कम भरायला लावली तर पावतीशिवाय भरू नये. एकट्याने जाऊ नये, हबवरच्या चार मुलांनी सोबत जावे, कारण आज याचा तर उद्या त्यांचा क्रमांक आहे. घरी लपवू नये. वडिलांना हा लेख वाचायला द्यावा, त्यांच्या खात्यात चौकशी कशी होत असे ते त्यांनाच विचारावे. त्यांना फरक लगेच कळेल.

वकिलाच्या फीची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते. जातीचा दाखला, आधार, करार झाला असेल तर त्याची प्रत किंवा ॲपमधल्या अटींचे स्क्रीनशॉट, बँकेचे सहा महिन्यांचे विवरण आणि तो शेवटचा संदेश एवढे घेऊन जावे. काम गेले म्हणून हाताशी पैसे नाहीत आणि मोबाईल विकायला काढलात, असे मात्र करू नका. तुमचा सगळा पुरावा त्यातच आहे.